साडूचे चौसष्ट

बातमी फोनवरून आली आणि बायकोने ती भाजी चिरता चिरता सांगितली, म्हणजे कुणाला काही लागू नये इतक्या सहजपणे.

“अहो, ऐकलंत का? धाकटीच्या मिस्टरांनी नवीन मशीन घेतलं. चौसष्ट कोअरचं.”

थोरल्या जावयांच्या हातातला माउस तिथेच थांबला. त्यांना सासुरवाडीत सगळे थोरले म्हणत आणि त्यांच्या साडूला धाकटे. दोघांचा धंदा एकच होता. अजून न बांधलेल्या इमारतींची अशी चित्रं काढायची, की बघणाऱ्याला वाटावं, आत जाऊन सोफ्यावर बसायचंच काय ते राहिलंय. या धंद्यात थोरले आधी आले होते. धाकट्यांना यातलं ओ की ठो कळत नव्हतं तेव्हा ते थोरल्यांच्याच शेजारी स्टूल टाकून शिकले होते. ही गोष्ट धाकटे विसरले असतील अशी शंका थोरल्यांना होती, म्हणून ते दर भेटीत आठवण करून देत.

“चौसष्ट म्हणजे आपल्यापेक्षा जास्त का हो?” बायकोने विचारलं.

“नुसत्या आकड्यावर जाऊ नये. कोअर म्हणजे प्रोसेसरच्या आतला कामकरी. त्यांच्याकडे कामकरी जास्त, पण एकेक सावकाश चालणारा. माझे चोवीसच, पण एकेक चलाख.”

“ते कळलं. पण जास्त कुणाचे?”

“त्यांचे.”

“तेवढंच विचारत होते,” असं म्हणून ती पुन्हा भाजीकडे वळली.

थोरल्यांचा दिवस वाया गेला. जेवण गोड लागेना. त्यांचं चोवीस कोअरचं मशीन कालपर्यंत त्यांना राजबिंडं वाटत होतं, आज ते केविलवाणं दिसायला लागलं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं म्हणतात, पण हेवा एकदा पोटात शिरला की हे उलटं होतं. दुसऱ्याचा बाब्या चौसष्ट कोअरचा दिसतो आणि आपलं कार्टं कोपऱ्यात मुकाट्याने घरघरत बसतं.

त्यात वेळ फार वाईट होती. शहरातल्या एका नामांकित आर्किटेक्टबाईंनी दोनशे खाटांच्या नव्या हॉस्पिटलचं काम हाती घेतलं होतं. त्यांना हॉस्पिटलची सहा मिनिटांची फिल्म करून हवी होती. त्यांनी नमुन्याचं काम दोन जणांना दिलं होतं, आणि ते दोन जण म्हणजे नेमके हे दोघे साडू. काम मिळणार होतं एकालाच. थोरल्यांकडे वर्षभरात मोठं काम आलं नव्हतं. बंगल्यांची फाटकं आणि दुकानांच्या पाट्या यांच्यावर दिवस चालले होते. हे कामही धाकट्यांकडे गेलं, तर सासुरवाडीत कुठल्याही विषयावर आधी थोरल्यांचं मत विचारायची पद्धत बंद पडणार होती. आणि आयुष्यात त्यांना मिळालेला तेवढाच एक हुद्दा होता.

संध्याकाळपर्यंत थोरल्यांनी दोन्ही प्रोसेसरांची तुलना वाचून काढली आणि एक तक्ता केला. तक्त्यात सतरा ओळी होत्या. त्यातल्या ज्या ओळींत आपण हरतो, त्या त्यांनी एकेक करून काढून टाकल्या. मग सहा ओळी उरल्या आणि सहाही ओळींत ते जिंकत होते. हा तक्ता त्यांनी स्वतःच्या समाधानासाठी केला होता, पण बायकोने तो बघितला, तिला नवऱ्याचा अभिमान वाटला आणि तिने तो माहेरच्या ग्रुपवर टाकला.

दोन मिनिटांत मेहुणीचं उत्तर आलं. “भाऊजी, कागदावर कशाला? लावून बघा की शर्यत! रविवारी येतोच आम्ही.”

तिच्याखाली सासऱ्यांचा मेसेज होता. “मी पंच.”

सासरे निवृत्त क्रीडाशिक्षक होते. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी कुणी दोन माणसं शेजारी शेजारी चाललेली दिसली, की त्यांचा हात खिशातल्या स्टॉपवॉचकडे जाई. माघार घ्यायला आता जागा नव्हती.

रविवारी दुपारी धाकटे आपलं मशीन गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून, त्याला पट्टा लावून घेऊन आले. मेहुणी पुढे बसली होती आणि दर वळणावर मागे वळून बघत होती. मशीन काळं, भलंमोठं होतं आणि त्याला समोरून काच होती. धाकट्यांनी त्याला ‘गजराज’ असं नावही दिलं होतं. जिना चढून ते वर आणायला दोन माणसं लागली आणि त्यातलं एक स्वतः थोरले होते. साडूचं ऐश्वर्य आपल्याच कमरेवर पेलून वर न्यावं लागणं यासारखी शिक्षा नाही.

“जपून हं दादा, काच आहे,” धाकटे म्हणाले.

“दिसतंय,” थोरले दातओठ खात म्हणाले.

दोन्ही मशीनं एकाच टेबलावर ठेवली गेली. चित्र काढायच्या सॉफ्टवेअरला आपल्या परवान्याची खात्री करून घ्यायला इंटरनेट लागतं, म्हणून दोन्हींच्या तारा घरातल्या एकाच राउटरला जोडल्या. काम ठरलं हॉस्पिटलच्या प्रवेशदालनाचं एक मोठं चित्र. दोघांकडे तीच फाइल, तेच दिवे, त्याच खुर्च्या.

सासऱ्यांनी आधी दोन्ही बाजू समजून घेतल्या. “म्हणजे यांच्याकडे आहे रस्सीखेचीचा संघ, आणि यांच्याकडे शंभर मीटर धावणारे गडी. बरोबर?”

“साधारण तसंच, बाबा,” धाकटे म्हणाले.

“मग यांची एकमेकांशी स्पर्धा कशी होईल?”

हा त्या सबंध दुपारचा एकमेव शहाणा प्रश्न होता, म्हणून त्याला कुणीच उत्तर दिलं नाही. सासऱ्यांनी खांदे उडवले, शिट्टी तोंडात धरली आणि फुंकली.

पहिल्या मिनिटात काही कळलं नाही. तिसऱ्या मिनिटाला थोरल्यांच्या पडद्यावर छत उमटलं, सहाव्याला स्वागतकक्ष. गजराजाचे पंखे मात्र जीव तोडून फिरत होते, आतले दिवे लुकलुकत होते, आणि पडद्यावर एका कुंडीच्या पलीकडे काही सरकत नव्हतं. धाकटे पडद्याच्या कोपऱ्यातल्या एका छोट्या चौकोनाकडे टक लावून बघत होते. मग त्यांनी एकदा थोरल्यांकडे बघितलं आणि खुर्चीला टेकून बसले.

“अहो, तुमचं बिघडलं का काय?” मेहुणीचा आवाज रडवेला झाला.

“चालू दे,” धाकटे शांतपणे म्हणाले.

चौदाव्या मिनिटाला थोरल्यांचं चित्र पूर्ण झालं. गजराज अजून कुंडीतल्या पानांवरच होता. सासऱ्यांनी लांब शिट्टी मारली आणि थोरल्यांचा हात धरून वर केला. बायको टाळ्या वाजवत होती. थोरल्यांना वाटलं, छाती आता सदऱ्यात मावायची नाही. त्यांनी साडूच्या खांद्यावर हात ठेवला आणि हरलेल्याला सांगतात तसं सांगितलं, “होतं असं कधी कधी.”

सगळे चहाला आत गेले. थोरले मागे राहिले, कारण त्यांना आपला विजय एकट्याने पुन्हा एकदा बघायचा होता. त्यांनी कामाचा अहवाल उघडला. तिथे लिहिलं होतं: ‘काम पूर्ण. सहभाग: हे मशीन २७ टक्के, गजराज ७३ टक्के.’

त्यांनी ते वाक्य तीनदा वाचलं आणि मग सॉफ्टवेअरची सेटिंग उघडून बघितली. बायकोच्या जुन्या लॅपटॉपची मदत घ्यावी म्हणून वर्षापूर्वी त्यांनी सॉफ्टवेअरमध्ये एका चौकोनात टिक केली होती: ‘नेटवर्कवर जे मशीन मिळेल त्याला कामाला लावावे.’ ती तशीच राहिली होती. धाकट्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये मदत द्यायची तयारी दाखवणारी टिक असणार. शिट्टी वाजली तशी थोरल्यांच्या मशीनने शेजारच्या गजराजाला हाक मारली, आणि तो बिचारा आपलं काम बाजूला ठेवून यांच्या खुर्च्या रंगवत बसला. थोरल्यांनी जिंकलेली शर्यत साडूनेच पळून दिली होती. आयत्या पिठावर रेघोट्या म्हणतात त्या याच.

सांगून टाकावं असं त्यांच्या मनात आलं, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. ते तोंड उघडणार एवढ्यात धाकटे दारात आले आणि थोरल्यांच्या बोटाने आपोआप ती खिडकी बंद केली.

“दादा, एक बोलू का? रागावणार नसाल तर.”

“बोला ना.”

“तुमचं मशीन मला द्या. माझं तुम्ही घ्या. हॉस्पिटलचं काम तोंडावर आलंय, मला असंच काहीतरी भरवशाचं हवं. नुसत्या डिस्क काढून घेऊ आपापल्या.”

थोरल्यांच्या कानात काहीतरी गोड वाजायला लागलं. ज्या चौसष्टांनी त्यांची जेवणं कडू केली होती, ते चौसष्ट स्वतःच्या पायांनी, नाही, थोरल्यांच्याच कमरेवरून घरात आले होते आणि आता इथेच राहू म्हणत होते. सद्सद्विवेकबुद्धी कुठेतरी बारीक आवाजात खाकरली. थोरल्यांनी पंख्यांच्या घरघरीत ते ऐकू आलं नाही असं धरलं.

“आता तुम्ही म्हणताच आहात,” ते म्हणाले, “तर घरच्या माणसाला नाही कसं म्हणू?”

गजराज राहिला. पहिल्या रात्री थोरल्यांना सुखाची झोप लागली, आणि सकाळपासून घरात कटकटी सुरू झाल्या. गजराज टेबलाखाली मावेना, म्हणून टेबलाचा खण काढावा लागला. तो कामाला लागला की खोली इतकी तापे, की बायकोने तिथे ओले टॉवेल वाळत घालायला सुरुवात केली. एकदा तिने इस्त्री लावली आणि अख्ख्या घराची वीज गेली.

“आधीचं मशीन काय वाईट होतं हो?” बायको काळोखात म्हणाली.

“तुला नाही कळायचं. चित्र अठरा मिनिटांत होतं. अठरा!”

“त्या दिवशी तर चौदा मिनिटांत झालं होतं ना?”

यावर थोरले फ्यूज बघायला गेले.

खरी बोच वेगळीच होती. धाकट्यांकडून तक्रार येत नव्हती. आपण ज्याला गंडवलं तो माणूस निदान हळहळावा एवढी तरी अपेक्षा असते. थोरल्यांनी दोन दिवस वाट बघितली, तिसऱ्या दिवशी स्वतःच फोन केला.

“काय, बरं चाललंय ना मशीन?”

“मस्त!” धाकटे म्हणाले.

“काही अडत नाही ना? म्हणजे, चोवीसच आहेत त्यात.”

“छे हो दादा, एकदम मस्त.”

ते ‘मस्त’ थोरल्यांच्या पोटात दोन दिवस दुखत राहिलं. कमी कोअर घेऊन हा माणूस इतका खूश कसा राहू शकतो? आपल्याकडे त्याचे चौसष्ट आहेत आणि त्याच्याकडे समाधान, म्हणजे या व्यवहारात जास्त कुणाला मिळालं, हे त्यांना ठरवता येईना. मॉडेलमधलं, म्हणजे संगणकात उभ्या केलेल्या इमारतीतलं, एखादं दार सरकवताना गजराज क्षणभर अडखळतो, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. पण नवीन सून चार दिवस बिचकतेच, असं म्हणून त्यांनी तिकडे काणाडोळा केला.

नमुना दाखवायचा दिवस उजाडला. आर्किटेक्टबाईंच्या ऑफिसात मोठ्या टेबलाभोवती बाई, हॉस्पिटलचे दोन विश्वस्त आणि एक म्हातारे सर्जन बसले होते. भिंतीवर पडदा होता आणि त्याच्याखाली दोघांची मशीनं आणून ठेवली होती. थोरल्यांची चित्रं आधी लागली आणि ती खरोखर देखणी होती. खिडकीतून आलेलं ऊन जमिनीवर असं पडलं होतं, की एका विश्वस्तांनी खुर्ची जरा सावलीकडे सरकवली. मग धाकट्यांची चित्रं लागली. तीही चांगली होती, पण ऊन इतकं लागत नव्हतं. थोरल्यांनी मनात फिल्मचे सगळे शॉट ठरवायला घेतले.

“दोघांची चित्रं छान आहेत,” बाई म्हणाल्या. “आता चित्रं बंद करा आणि मॉडेल उघडा. डॉक्टरांना आत फिरायचंय. काही बदल सांगतील, ते इथेच करून दाखवा.”

“स्ट्रेचर लिफ्टमधून काढा,” सर्जन म्हणाले, “आणि ऑपरेशन थिएटरकडे न्या.”

थोरल्यांनी स्ट्रेचर हलवलं. गजराजाने विचार केला. स्ट्रेचर लिफ्टच्या दारात थांबलं, मग एकदम भिंतीजवळ उगवलं, मग पुन्हा थांबलं. चित्र रंगवायचं काम चौसष्ट जणांत वाटता येतं. पण मॉडेलमध्ये चालायचं काम एका वेळी एकालाच करावं लागतं, आणि गजराजातला तो एक जण सावकाश होता. बाकीचे त्रेसष्ट हाताची घडी घालून बघत उभे.

“पेशंट आहे की नाही त्याच्यावर?” सर्जनांनी विचारलं.

“ही भिंत दोन फूट मागे घ्या,” बाई म्हणाल्या.

भिंत मागे जायला इतका वेळ लागला, की मधल्या काळात एक विश्वस्त फोनवर बोलून आले. भिंत गेली तेव्हा तिच्याबरोबर सबंध पडदा दोनदा उडाला. सर्जनांनी डोळ्यांवर हात ठेवला. “बंद करा हो, मला गरगरायला लागलं.”

मग धाकट्यांनी आपलं मशीन जोडलं. आपलं कसलं, थोरल्यांचंच. बाजूला थोरल्यांच्या घरच्या दरवाजाचा ओरखडासुद्धा तसाच होता. स्ट्रेचर लोण्यातून सुरी जावी तसं निघालं, कोपऱ्यावर वळलं, थिएटरच्या दारातून आत शिरलं. भिंत बाई सांगायच्या आत मागे गेली. सर्जन खुर्चीवरून उठून पडद्याजवळ गेले आणि म्हणाले, “आता मला परत बाहेर न्या. पायऱ्यांवरून न्या.” त्यांना मजा यायला लागली होती.

थोरले कोपऱ्यात उभे राहून बघत होते. आजवर त्यांनी धाकट्यांची गाडी, धाकट्यांचं घर, धाकट्यांचे केस या सगळ्यांचा हेवा केला होता. पण स्वतःच्याच मशीनचा हेवा करायची वेळ प्रथमच आली होती, आणि हा हेवा बाकी सगळ्यांपेक्षा जास्त जाळत होता. काम धाकट्यांना मिळालं. बाईंनी तिथल्या तिथे सांगून टाकलं.

व्हरांड्यात धाकटे त्यांना गाठायला धावतच आले.

“दादा, थांबा. मला तुम्हाला एक सांगायचंय, नाहीतर आज झोप लागणार नाही.”

“अभिनंदन,” थोरले म्हणाले.

“त्या रविवारी मला कळलं होतं. दुसऱ्याच मिनिटाला. माझे चौसष्टच्या चौसष्ट पूर्ण ताकदीने पळत होते आणि चित्र हलत नव्हतं. म्हणजे ते तुमच्याकडे राबत होते, हे उघड होतं.”

थोरल्यांनी विचारलं, “मग बोलला का नाहीत?”

“कुठल्या तोंडाने बोलू? घेतल्यापासून बघत होतो, मॉडेलमध्ये एक खुर्ची उचलायची म्हटली तरी वैताग यायचा. आणि तुमच्याकडे आलो की तुमचं कसं भराभर चालायचं! जळायचो मी. पण एवढा गाजावाजा करून घेतलेलं, चुकलं म्हणून कसं सांगू? हिने तर शेजाऱ्यांनासुद्धा दाखवलं होतं. तुम्ही जिंकताय असं दिसलं, तेव्हा वाटलं, बरं झालं. हरलेल्या माणसाला निदान मागता तरी येतं. फसवलं हो मी तुम्हाला.”

“म्हणजे,” थोरले सावकाश म्हणाले, “मी तुम्हाला फसवलं नाही?”

“तुम्ही? तुम्ही कशाला फसवाल?”

थोरल्यांनी मनातल्या मनात जमाखर्च मांडला. काम गेलं होतं, मशीन गेलं होतं, आणि आठवडाभर चोरून जपलेला एक लबाडीचा आनंद होता, तोही खोटा निघाला होता. अहवालाची गोष्ट आता सांगितली असती, तर कबुलीजबाबातसुद्धा त्यांचा दुसरा नंबर लागला असता. ते घरी गेले आणि बायकोने काही विचारायच्या आत टॉवेलांच्या खोलीत जाऊन बसले.

पाच दिवसांनी सकाळीच धाकटे दारात उभे होते. हातात डिस्क होती आणि चेहरा उतरलेला.

“दादा, फिल्मच्या नऊ हजार फ्रेम काढायच्यात, म्हणजे नऊ हजार सुटी चित्रं. बाईंना आठवड्यात हवी. देणगीदारांची सभा आहे. माझ्या मशीनवर हिशेब केला तर दहा दिवस जातात. तुमच्याकडे होईल का? काम अर्धं अर्धं करू. नाव दोघांचं लावू.”

थोरल्यांनी डिस्क लावली आणि काम सुरू केलं. गजराजाचे पंखे फिरले, चौसष्टही जण कामाला लागले, आणि पडद्यावर एकामागून एक फ्रेम पडायला लागल्या. धाकटे बाजूला स्टूल ओढून बसले. त्यांचा हात नकळत गजराजाच्या काचेवर गेला.

“एका फ्रेमला किती लागतात?” त्यांनी विचारलं.

“चाळीस सेकंद.”

“चाळीस,” धाकटे म्हणाले. “माझ्याकडे शंभर लागतात.” मग त्यांनी एक लांब सुस्कारा सोडला आणि पडद्यावरून नजर काढली नाही.

थोरले उठून स्वयंपाकघरात आले. बायको त्यांच्याकडे बघतच राहिली.

“काम अर्धंच मिळालं ना? मग एवढं काय खुललंय तोंड?”

“चहा टाक,” थोरले म्हणाले, “आणि घेऊन तूच जा बाहेर. त्यांचा चेहरा एकदा नीट बघून ये.”